मागच्या चाकांवर चालणाऱ्या कूपे: स्टिअरिंग आणि हँडलिंगची तुलना नीट कशी करावी

अमेरिकेत नोकरीची चार-पाच वर्षं झाली, घरच्यांसाठी सीआर-व्ही किंवा सिएना घेऊन झाली, की आपल्यातल्या अनेकांना स्वतःसाठी मागच्या चाकांना ताकद मिळणारी, दोन दारांची एक स्पोर्ट्स कूपे घ्यावीशी वाटते. बजेट बेताचं असतं. त्यामुळे नजर जाते ती टोयोटा जीआर८६, सुबारू बीआरझेड, माझदा एमएक्स-५ आरएफ, फोर्ड मस्टँग इकोबूस्ट, निसान ३७०झेड किंवा बीएमडब्ल्यूच्या जुन्या २ सिरीजवर. मग टेस्ट ड्राइव्ह सुरू होतात. एका शनिवारी एक गाडी, महिन्याभराने पावसात दुसरी, तिसरी मित्राची, आणि तीही खाली बसवलेली. स्टिअरिंग कसं होतं असं विचारलं तर उत्तर येतं, ‘मस्त जड आहे’.

याला तुलना म्हणत नाहीत. तीन गाड्यांचे टायर वेगळे, हवा वेगळी, रस्ता वेगळा आणि स्टिअरिंगच्या जडपणाचा त्याच्या फीलशी फारसा संबंधही नाही. खाली दिलेला क्रम जसाच्या तसा पाळा. विशेषतः टायरची तपासणी शेवटी ढकलू नका, नाहीतर आधी केलेलं सगळं फुकट जातं.

टप्पा १: यादी तीन गाड्यांपुरती ठेवा

एका दिवसात चौथी गाडी चालवली की पहिलीचं काही आठवत नाही. तीनच निवडा आणि प्रत्येकीबद्दल तीन गोष्टी आधी लिहून काढा: पिढी, वजन, स्टिअरिंगचा प्रकार.

पिढीने फरक पडतो. २०१३ मॉडेलपासून अमेरिकेत आलेल्या पहिल्या पिढीच्या सायन एफआर-एस (आजच्या जीआर८६चं तेव्हाचं नाव, पुढे ‘८६’) आणि बीआरझेडमध्ये २०० अश्वशक्तीचं २ लिटर इंजिन होतं. २०२२ मॉडेलपासूनच्या दुसऱ्या पिढीत २.४ लिटरचं, २२८ अश्वशक्तीचं इंजिन आलं. एमएक्स-५ची सध्याची पिढी २०१६ मॉडेलपासूनची आहे आणि तिची ताकद २०१९ मध्ये १५५ वरून १८१ अश्वशक्तीवर गेली. मस्टँगला २०१५ पासून स्वतंत्र मागचं सस्पेन्शन आहे. त्याआधीच्या मस्टँगच्या मागे सलग धुरा होता, त्यामुळे ती या तुलनेत धरू नका.

वजनं ढोबळमानाने अशी: एमएक्स-५ आरएफ ११०० किलो, जीआर८६ १२८० किलो, ३७०झेड १५०० किलो, मस्टँग इकोबूस्ट १६०० किलो. हे आकडे डोक्यात ठेवूनच गाडीत बसा. एमएक्स-५ आणि मस्टँग यांच्यात जवळजवळ अर्ध्या टनाचा फरक आहे आणि तो कुठल्याही स्प्रिंगने झाकता येत नाही.

स्टिअरिंगच्या बाबतीत ३७०झेड शेवटपर्यंत, म्हणजे २०२० पर्यंत, हायड्रॉलिक राहिली. यादीतल्या बाकीच्या गाड्यांना इलेक्ट्रिक मदत आहे, म्हणजे चाक वळवायला मोटर हातभार लावते.

*सावध:* बीएमडब्ल्यू २ सिरीजच्या जाहिरातीत ‘एक्सड्राइव्ह’ हा शब्द शोधा. तो असेल तर ताकद चारही चाकांना जाते. ‘ग्रान कूपे’ असेल तर ती पुढच्या चाकांच्या रचनेवर बांधलेली चार दारांची गाडी आहे. नावात कूपे आहे म्हणून दोन तास गाडी चालवत जाऊन निराश होऊन परतू नका.

टप्पा २: टायर, हवा, अलाइनमेंट

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. हाताला जे स्टिअरिंग लागतं त्यात टायरचा वाटा इतका मोठा आहे की टायर न बघता केलेली तुलना ही बहुतेक वेळा दोन टायरांचीच तुलना असते.

जीआर८६ची साधी आवृत्ती १७ इंची चाकांवर मिशलिन प्रायमसी टायर घेऊन येते, तर प्रीमियम आवृत्ती १८ इंची चाकांवर मिशलिन पायलट स्पोर्ट ४. बीआरझेडचंही तसंच, आवृत्तीप्रमाणे हेच दोन टायर. प्रायमसीची पकड कमी, पण गाडी सुटायला लागते ती हळूहळू, आधी सांगून. पायलट स्पोर्ट ४ची पकड जास्त, स्टिअरिंगला उत्तर झटकन, पण ती मर्यादा येते तीही जास्त वेगाला. आता कोणी साधी जीआर८६ आणि वरच्या आवृत्तीची बीआरझेड चालवून ‘सुबारूचं स्टिअरिंग चांगलं’ म्हणाला, तर त्याला मिशलिनच्या एका टायरपेक्षा दुसरा आवडला इतकंच कळलं. ही चूक मी सर्रास बघतो.

प्रत्येक गाडीपाशी हे करा:

१. चारही टायरांची नावं आणि मापं लिहा. चारही सारखे नसतील तर विक्रेत्याला कारण विचारा. पुढे एका कंपनीचे आणि मागे दुसऱ्या कंपनीचे असतील तर त्या गाडीच्या तोलाविषयी काहीही ठरवू नका.

२. टायरच्या बाजूवर ‘डीओटी’ने सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडे वाचा. २३२१ म्हणजे २०२१ सालचा २३ वा आठवडा. जुनं रबर कडक होतं. नक्षी शिल्लक असली तरी पकड गेलेली असते.

३. नक्षीची खोली बघा. झिजलेल्या टायरचे ठोकळे आखूड होतात, कमी डुलतात, म्हणून स्टिअरिंग उलट जास्त चपळ वाटतं. नव्या टायरवरची दुसरी गाडी त्यामुळे उगाच मंद भासते.

४. हवा थंड टायरवर आणि स्वतःच्या गेजने मोजा. योग्य आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा ही कमाल मर्यादा आहे, तो वापरू नका. डीलरच्या अंगणात उभ्या गाड्यांत हवा बरेचदा जास्त असते. सात-आठ पीएसआय जास्त असतील तर गाडी उड्या मारते आणि मध्यावर स्टिअरिंग उगाच चुळबुळतं. तिथेच कमी करून मागा. यात संकोच करण्यासारखं काही नाही.

५. अलाइनमेंटचा, म्हणजे चाकांचे कोन मोजून जुळवल्याचा, कागद आहे का विचारा. पुढची चाकं किंचित बाहेरच्या बाजूला उघडलेली असली की गाडी वळणात पटकन घुसते, पण सरळ रस्त्यावर भटकते. हा गाडीचा स्वभाव नसतो. ती कोणीतरी करून ठेवलेली सेटिंग असते.

*तपासा:* सपाट, रिकाम्या रस्त्यावर ३०-३५ मैल वेगाला पकड सैल करा, हात चाकाच्या अगदी जवळ ठेवा. गाडी एका बाजूला ओढते का? सरळ जाताना स्टिअरिंग वाकडं राहतं का? दोन्हींपैकी एकही उत्तर ‘हो’ असेल तर त्या गाडीची स्टिअरिंगची नोंद अलाइनमेंट होईपर्यंत बाजूला ठेवा.

*सावध:* आखूड स्प्रिंग लावून खाली बसवलेली, स्पेसर लावलेली, रुंद चाकांची गाडी विकत घ्यायला हरकत नाही, पण त्या मॉडेलची प्रतिनिधी म्हणून धरू नका. पहिल्या पिढीच्या ८६ मध्ये ही गोष्ट पावलोपावली भेटते.

टप्पा ३: रस्ता आणि दिवस

तिन्ही गाड्या एकाच दिवशी, कोरड्या रस्त्यावर. तापमान १० अंश सेल्सिअसच्या वर असू द्या. उन्हाळी टायर ७ अंशांच्या खाली गेले की लाकडासारखे होतात. न्यू जर्सीत नोव्हेंबरच्या सकाळी पायलट स्पोर्ट ४ वर घेतलेला अनुभव एप्रिलमध्ये जसाच्या तसा येणार नाही.

डीलर जो ठरलेला फेरा मारायला लावतो त्यात चार सिग्नल आणि एक हायवे असतो. त्यावर काही कळत नाही. आधी फोन करून सांगा की मला चाळीस मिनिटं लागतील आणि रस्ता मी सुचवणार आहे. बरेच जण तयार होतात. नाही म्हणाले तर तेच मॉडेल एका दिवसासाठी भाड्याने घ्या. तीस हजार डॉलरच्या आसपासच्या खरेदीत हा खर्च किरकोळ आहे.

रस्त्यात या जागा हव्यात: मोकळं पार्किंग, ४५-५० मैल वेगाचा गुळगुळीत सरळ पट्टा, क्लोव्हरलीफचा गोल रॅम्प, डागडुजी केलेला खडबडीत तुकडा आणि एक-दोन काटकोनी वळणं. आमच्या बाजूला डेलावेअर नदीकाठचा रूट २९, लॅम्बर्टव्हिल ते फ्रेंचटाउन, यासाठी चांगला आहे, मात्र वीकेंडला सायकलवाले खूप असतात, सकाळी लवकर जा. तुमच्या गावाजवळ असा रस्ता आधी आपल्या रोजच्या गाडीने फिरून ठरवा.

क्रम असा: पहिली, दुसरी, तिसरी, आणि जमलं तर पुन्हा पहिली. ही शेवटची फेरी लोक हमखास टाळतात. दिवसाच्या सुरुवातीला तुमचे हात रोजच्या गाडीच्या सवयीचे असतात, दुपारपर्यंत ते बदललेले असतात. पहिल्या गाडीवर अन्याय होतो किंवा तिचं फाजील कौतुक होतं. दहा मिनिटं का होईना, ती परत चालवा.

टप्पा ४: बसण्याची जागा आणि मोड

सीट अशी लावा की पाठ टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर आरामात टेकेल. हात नऊ आणि तीनवर ठेवा. पकड बोटांची हवी, मुठीची नको. आवळून धरलेल्या मुठीला काहीच कळत नाही. जाड तळव्याचे बूट घालू नका. गाणी बंद, फोन बंद, खिडक्या वर.

सगळ्या गाड्या आधी नॉर्मल मोडमध्ये चालवा. २०१५ ते २०२३ च्या मस्टँगमध्ये स्टिअरिंगसाठी वेगळं बटण आहे: नॉर्मल, स्पोर्ट, कम्फर्ट. स्पोर्ट केलं की वजन वाढतं, माहिती तेवढीच राहते. विक्रेता पहिल्याच मिनिटाला स्पोर्ट लावून देतो, ते परत नॉर्मलवर आणा.

पहिली दहा मिनिटं काहीही ठरवू नका. टायर कोमट होऊ द्या, क्लच कळू द्या.

टप्पा ५: आधी फक्त स्टिअरिंग

हँडलिंग आणि स्टिअरिंग एकाच वेळी तपासायला गेलात तर दोन्हींचा गोंधळ होतो. पहिल्या फेरीत फक्त हातांकडे लक्ष द्या.

फील येतो कुठून? वळणात टायर जिथे रस्त्याला टेकतो तिथला बाजूचा जोर चाकाच्या मध्याच्या थोडा मागे लागतो. त्यामुळे चाक सरळ व्हायला बघतं आणि तेवढा ताण हाताला जाणवतो. पुढच्या चाकांची पकड संपत आली की हा ताण पकडीच्या आधीच कमी व्हायला लागतो, स्टिअरिंग किंचित हलकं होतं. पतंगाचा मांजा बोटावर ठेवला की वर वारा पडला हे जसं कळतं, तशी ही खबर हाताला मिळायला हवी. ज्या गाडीत वजन फक्त मोटरने भरलेलं असतं तिथे जोर वाढो वा कमी होवो, हाताला तेच लागत राहतं. जड स्टिअरिंग मुकं असू शकतं, हलकं स्टिअरिंग बोलकं असू शकतं.

क्रमाने हे करा:

१. *पार्किंगमध्ये चालण्याच्या वेगाने* चाक वळवून सोडा. ते आपलं आपण मध्यावर येतं का? मध्येच अडकत असेल तर घर्षण जास्त आहे आणि लहान संदेश त्यातच विरतात.

२. *सरळ रस्त्यावर ४५-५० मैल वेगाने* चाक एका बोटाच्या रुंदीइतकं डावी-उजवीकडे हलवा. किती हलवल्यावर गाडीचं नाक हलतं, हे बघा. त्याचबरोबर ताण कधी सुरू होतो तेही बघा. ताण आणि नाक दोन्ही एकत्र सुरू व्हायला हवेत. ताण आधी आला आणि नाक मागून हललं, तर तो ताण मोटरचा आहे.

३. *लांब वळणात* चाक हळूहळू जास्त वळवत जा. ताण सारख्या चढाने वाढतो की एका ठिकाणी पायरी लागते?

४. *खडबडीत तुकड्यावर* दोन गोष्टी वेगळ्या करा. रस्त्याचा पोत बोटांना कळणं चांगलं. खड्ड्यागणिक चाकाला हिसका बसणं हा त्रास आहे. ३७०झेडमध्ये दोन्ही भरपूर मिळतं. रोज तासभर प्रवास असेल तर हिसक्यांचा विचार आधी करा.

माझं मत विचाराल तर या यादीत जीआर८६ आणि बीआरझेडचं स्टिअरिंग सगळ्यात नेमकं आहे, चाक जेवढं वळवाल तेवढीच गाडी वळते. एमएक्स-५चं हलकं, पण वळणात ताण छान चढतो. मस्टँगचं अचूक आहे, पण रस्त्याची बातमी थोडी गाळूनच देतं. २ सिरीजची चेसिस तोलात उत्तम, स्टिअरिंग मात्र अबोल. हे वाचून विसरा, कारण दुसऱ्याचं मत डोक्यात ठेवून गाडीत बसलं की तेच हाताला लागतं.

टप्पा ६: मग हँडलिंग

आपल्यातले बहुतेक जण मारुती ८०० किंवा तत्सम पुढच्या चाकांच्या गाडीवर शिकलो आणि इथेही कोरोला-सिव्हिकच चालवली. त्या सवयीने वळणात गाडी बाहेर जाऊ लागली की पाय झटकन ॲक्सिलरेटरवरून उचलला जातो. मागच्या चाकांच्या कूपेत हे महागात पडू शकतं. वजन पुढे सरकतं, मागची चाकं हलकी होतात, आणि त्याच क्षणी इंजिनचा ब्रेक त्याच मागच्या चाकांवर लागतो.

*सावध:* वळणात पाय नेहमी हळूच कमी करा. सार्वजनिक रस्त्यावर स्थिरता नियंत्रण बंद करू नका, ‘थोडंसंच’ म्हणूनसुद्धा नको. पुढच्या सगळ्या चाचण्यांना मर्यादेच्या जवळपास जावं लागत नाही.

पहिली चाचणी काटकोनी वळणाची. ब्रेक वळणाआधी पूर्ण संपवा, मग चाक वळवा. नाक आधी वळतं आणि मागचा भाग मागून येतो, की पूर्ण गाडी एकदम वळते? चांगल्या कूपेत आपण मधोमध बसलो आहोत आणि गाडी आपल्याभोवती वळते आहे असं कंबरेला कळतं. एमएक्स-५मध्ये हे सगळ्यात स्पष्ट जाणवतं. मस्टँग तिच्यापेक्षा सुमारे १८० मिलिमीटर रुंद आहे, त्यामुळे अरुंद रस्त्यावर आपली रेघ, म्हणजे वळणातला मार्ग, निवडायला जागाच कमी उरते. हेही हँडलिंगच आहे, पण मोकळ्या रस्त्यावर टेस्ट ड्राइव्ह केली की ते लक्षात येत नाही.

दुसरी चाचणी गोल रॅम्पवर. पिवळ्या पाटीवरच्या सुचवलेल्या वेगाने, मागे गाडी नाही हे पाहून, वेग आणि चाक दोन्ही स्थिर ठेवा. मग ॲक्सिलरेटर अगदी थोडा दाबा. चाक न हलवता गाडीची रेघ बाहेर जाते, तीच राहते की आत येते? मग पाय हळूच कमी करा आणि पुन्हा तेच बघा. पायाने रेघ बदलता येणं हीच मागच्या चाकांच्या गाडीची मजा आहे आणि ती ३० मैल वेगालाही कळते.

जीआर८६ आणि बीआरझेड यांत इथेच फरक दिसतो. टोयोटाने पुढच्या स्प्रिंग मऊ आणि मागच्या कडक ठेवल्या, त्यामुळे तिचा मागचा भाग लवकर खेळायला तयार होतो. सुबारूच्या पुढच्या स्प्रिंग तुलनेने कडक, मागच्या मऊ, म्हणून ती जास्त स्थिर. दोन्हींवर एकच टायर असेल तेव्हाच हा फरक दिसतो.

डिफरेन्शियलचीही, म्हणजे दोन मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या भागाचीही, नोंद करा. ८६ आणि बीआरझेडमध्ये टॉर्सेन लिमिटेड-स्लिप (एकच चाक मोकळं फिरू न देणारा प्रकार) अमेरिकेत सरसकट मिळतो. एमएक्स-५मध्ये आवृत्तीप्रमाणे असतो किंवा नसतो. नसेल तर तीव्र वळणातून बाहेर पडताना आतलं मागचं चाक मोकळं फिरतं आणि पायाने रेघ बदलण्याची वरची चाचणी बोथट होते.

*तपासा:* गाडी कलते म्हणजे पकड नाही, असं लिहिलंत का? खोडा. एमएक्स-५ मुद्दाम कलू दिलेली आहे. कलण्याचा वेग सारखा आहे का आणि एकदा कलली की स्थिर राहते का, एवढंच बघायचं.

टप्पा ७: मर्यादा बघायची तर योग्य ठिकाणी

पकड संपताना स्टिअरिंग हलकं होतं का, मागचा भाग हळू सुटतो की झटक्यात, हे रस्त्यावर तपासता येत नाही, तपासूही नये. त्यासाठी ऑटोक्रॉस आहे. स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिकाचे स्थानिक विभाग मोकळ्या पार्किंगमध्ये शंकू मांडून हे कार्यक्रम घेतात. नवख्यांना प्रवेश असतो आणि बऱ्याच ठिकाणी हेल्मेट उसनं मिळतं. आपल्याला हवी ती गाडी तिथे हमखास असते, कारण एमएक्स-५ आणि ८६ हे ऑटोक्रॉसचे नेहमीचे गडी. मालकाला विनंती करून शेजारी बसा. शेजारच्या सीटवर स्टिअरिंग कळत नाही, पण तोल पूर्ण कळतो.

नवी जीआर८६ घेणाऱ्याला टोयोटा नॅशनल ऑटो स्पोर्ट असोसिएशनचं एक वर्षाचं सभासदत्व आणि ट्रॅकवरचा शिकवणीचा एक दिवस देते. अनेक जण तो न वापरताच वाया घालवतात.

*सावध:* भाड्याची किंवा डीलरची गाडी ऑटोक्रॉसला नेऊ नका, करारात बंदी असते. स्वतःच्या गाडीचा नेहमीचा विमाही ट्रॅकवर सहसा लागू होत नाही. पॉलिसी आधी वाचा.

टप्पा ८: नोंद

गाडीतून उतरल्यावर पाच मिनिटांत लिहा, पुढच्या गाडीत बसायच्या आधी. शेजारी कोणी असेल तर त्याला बोलून दाखवा, त्याने लिहावं. सहा ओळी पुरतात: मध्यावरचं उत्तर, ताणाचा चढ, खडबडीत रस्त्याची बातमी, नाक वळण्याची पद्धत, पायाने रेघ बदलते का, आणि टायर व हवा. विशेषणं टाळा. ‘जबरदस्त’ लिहिलेलं संध्याकाळी वाचून काही कळत नाही. ‘रॅम्पवर पाय कमी केला की नाक आत आलं, चाक हलवावं लागलं नाही’ हे कळतं.

दहापैकी गुण देऊन बेरीज करू नका. तुम्हाला ज्या एका गोष्टीसाठी गाडी हवी आहे ती बेरजेत हरवते. सहापैकी कुठल्या दोन ओळी महत्त्वाच्या हे सकाळी, पहिली गाडी चालवण्याआधी ठरवून त्याखाली रेघ ओढा.

दोन गाड्या बरोबरीत राहिल्या तर तुमच्या रोजच्या रस्त्यावर, रोजच्या वेळी दोन्ही पुन्हा चालवा. जी गाडी ३५ मैल वेगाला हाताला काही सांगते ती घ्या. एरवीही जास्त वेळ त्याच वेगात जाणार आहे. घेतल्यावर पहिल्या आठवड्यात चार चाकांचं अलाइनमेंट करून घ्या, आधीचे आणि नंतरचे आकडे छापलेला कागद मागून घ्या, हवा स्टिकरप्रमाणे भरा, आणि टायर झिजेपर्यंत स्प्रिंग, चाकं, बुश यांतलं काहीही बदलू नका.